आधी पाय बघणारे आप्पा

आमच्या शेजारचे आप्पा माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय बघतात. आमची घरं कंग्राळीकडच्या एका तळ्याच्या काठी. तळ्यातला गाळ काळा, भरावाला बाहेरनं आणतात ती माती तांबडी. ज्याच्या पायाला तांबडी माती, तो तळं बुजवून प्लॉट पाडणारा, असा आप्पांचा कायदा.

माझ्या लेकीला बघायला सांबऱ्याची माणसं आली. आप्पा आमच्या दारातच उभे. "पावनं, चपला उलट्या करा बघू."

मुलाचे वडील चप्पल हातात घेऊन गोंधळले. "शेतातनं आलतो हो!"

"सगळी चोरं शेतातनंच येत्यात."

लग्न कसंबसं जमलं.

एकदा मी धीर करून विचारलं, "तळं ऱ्हायलं काय, गेलं काय, तुम्हाला एवढं कशाला?"

"पाऊस बघतीस न्हवं? आदी दोन म्हैने मुरायचा. आता चार दिवसांत सगळं ओततोय आन पळतोय. त्ये पाणी धरायला ह्ये तळंच हाय. बुजलं की पावसाळ्यात तुझ्या चुलीत बेडूक, आन उन्हाळ्यात हिरीचा तळ दिसंल." एवढं बोलून त्यांनी माझे पाय बघितले.

पण गेल्या आठवड्यात आप्पाच रोज सकाळी डोक्यावर बुट्टी घेऊन तळ्याकडे जायला लागले. बुट्टीवर गोणपाट झाकलेलं. आता मला संशय आला. आत तांबडी माती तर नसेल? एक दिवस मी मागोमाग गेले.

आप्पा चिखलात वाकून लव्हाळ्याचे गड्डे लावत होते. मला बघून दचकले, चोरी सापडल्यासारखे.

"मीच उपटलो होतो गं ह्यो लव्हाळा. तळं साफ केलं म्हणून गावानं शाल घातलती मला. मग काठ ढासळला, पाणकोंबड्या गेल्या. तुझी काकू म्हणाली, 'पाखरांची घरं मोडलासा.' मरोस्तवर ती शाल पेटीतनं भाईर काढू दिली न्हाय तिनं." हातातला गड्डा चिखलात दाबत म्हणाले, "एक पाणकोंबडी वरडू दे. तुझ्या काकूच्या फोटोला जाऊन सांगणार हाय."

मी पदर खोचला आणि चिखलात उतरले.

दुसऱ्या दिवशी दारात आप्पांनी सवयीनं माझे पाय बघितले. नखांत काळा गाळ होता. मग त्यांनी मान वर केली.

"च्या टाकलोय," म्हणाले. "एकट्याला लई होतोय."