सॉल्वेगमावशीची पापणी

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी ओस्टबी कुटुंबातले बाराजण दिवाणखान्यात दोन रांगांत ताटकळत होते, सॉल्वेगमावशी तेवढी पुढे खुर्चीत, आणि मारितच्या कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश काही केल्या पेटत नव्हता.

नाताळच्या पत्रासोबत पाठवायचा फोटो दर वर्षी याच दिवशी निघायचा, आणि दर वर्षी त्यात सॉल्वेगमावशीचे डोळे मिटलेले असायचे. गेल्या वर्षीचा फोटो पाहून सिएटलच्या एका चुलतभावाने सांत्वनाची फुलं पाठवली होती. मावशीने ती फुलदाणीत लावली, आभाराचं पत्रही लिहिलं. पण यंदा, नव्वदाव्या वर्षी, तिने अट घातली होती. "डोळे उघडे आले तरच मी पत्रात. नाहीतर मला कापून टाका. माझ्या जागी मागचा खिडकीचा पडदा दिसू दे."

मारितने तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा शिरस्ता. तिने नवीन सेल घातले. काही नाही. फ्लॅश काढून खाचेत पुन्हा शेवटपर्यंत सरकवला आणि घट्ट केला. काही नाही. मग त्याच्या बुडाचे धातूचे ठिपके खोडरबराने घासून काढले.

"टर्की गार होतेय," मागच्या रांगेतून तिचा नवरा डेल्बर्ट म्हणाला. "आपलं माहिती म्हणून सांगतोय."

"माहिती मिळाली."

"ग्रेव्हीवरही साय धरलीय."

"तू हसऱ्या चेहऱ्याने उभा राहा, डेल्बर्ट. तुझ्याकडे तेवढंच काम आहे."

फ्लॅशवरचं चाचणीचं बटण दाबलं तर लख्ख उजेड पडला. म्हणजे फ्लॅश धडधाकट होता. कॅमेराच त्याला काही सांगत नव्हता. मागच्या वेळेपासून काय बदललं, हे मारित आठवू लागली. गेल्या रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा होता. पाद्रीबाईंना प्रार्थनेत खटखट खपत नाही, म्हणून तिने कॅमेरा मूक केला होता. आणि मूक असताना हा कॅमेरा फ्लॅशलाही इशारा देत नसे. तिने आवाज चालू केला. खटक आणि लख्ख.

सगळे कॅमेऱ्याच्या स्क्रीनभोवती गोळा झाले. मावशीचे डोळे मिटलेले होते.

पुढच्या आठ फोटोंतही तेच. तीन म्हटल्यावर काढला, दोन म्हटल्यावर काढला, काही न म्हणता काढला.

"मावशी मुद्दाम करतेय," डेल्बर्ट म्हणाला.

"मुद्दाम करायला मला याहून मजेशीर गोष्टी सुचतात," मावशी म्हणाली.

मारित आता टर्की विसरली होती. नऊपैकी नऊ वेळा, इतकं अचूक चुकणं हा योगायोग असूच शकत नाही. तिने भाची कर्स्टनला फोनवर संथ गतीचं चित्रण करायला लावलं आणि दोघी ते डोक्याला डोकं लावून पाहत बसल्या. फ्लॅश दोनदा पेटत होता. आधी एक चिमुकला झोत उजेडाचा अंदाज घ्यायला, मग क्षणार्धात खरा. दोन्हींमधलं अंतर इतकं थोडं, की सगळ्यांना तो एकच वाटे. बाकीच्यांच्या पापण्या मोठा झोत येऊन गेल्यावर हलत. मावशीची मात्र चिमुकल्या झोतालाच खाली येई.

"मावशी, या घरात सगळ्यांत चपळ तूच आहेस," मारित म्हणाली.

"हे मी केव्हापासून सांगतेय," मावशी म्हणाली, आणि तिने ते चित्रण तीनदा दाखवायला लावलं.

मारितने फ्लॅशची आपोआप मोजणी बंद केली आणि उजेड स्वतः ठरवला. आता झोत एकच येणार होता. मंडळी पुन्हा आपापल्या जागी आली. डेल्बर्टलाही ग्रेव्हीची आठवण राहिली नाही. खटक.

फोटोत सॉल्वेगमावशी भिंगात थेट पाहत होती, निळे डोळे टक्क उघडे, ओठांवर किंचित हसू. उरलेले अकराजण मान वळवून, वाकून, टाचा उंचावून तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. डेल्बर्टचं नुसतं टक्कल आलं होतं.

"आणखी एक काढू या," मारित म्हणाली.

मावशीने चष्मा लावून फोटो बराच वेळ न्याहाळला, मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली.

"कशाला? अट माझ्या डोळ्यांची होती," ती म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलाकडे निघाली.