बेल न वाजवणारी दर्शना

ही गोष्ट सांगायची मी बारा वर्षं टाळली. घरात सगळे म्हणतात, दर्शनाला वयाबरोबर शहाणपण आलं आणि ती बेल वाजवायला लागली. ते खरं नाही. खरं काय ते दोघांनाच माहीत आहे, मला आणि तिला.

माझ्या मुलानं, सुनीलनं, करावे गावातल्या वैशालीशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा वारला होता. दर्शना तिची मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मी वाशीच्या बाजारात मापाडी होतो. जन्मभर पोती तोलली.

आमच्या नेरूळच्या घरी ती आली आणि पहिल्या दिवसापासून तिनं बेलला हात लावला नाही. दार वाजवायची. मुठीनं दोन, बोटांनी तीन, शेवटी तळहाताची एक थाप. समोरच्या वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या.

"अगं, बेल कशाला लावलीय?" मी ओरडायचो.

"बेल कोनीपन वाजवतं. असा वाजवला का समजतं, घरातला मानूस हाय."

डबे, गॅसची टाकी, कपाट, काही सुटलं नाही. एकदा मी डुलकी घेत होतो, तर माझ्या टकलावरही ताल धरला.

नव्या शाळेत बँड होता. तिला मोठा ड्रम हवा होता. बँडचे सर म्हणाले, "काडीपैलवान तू, तुला झेपणार नाही. झांजा घे."

"व्हनार म्हंजे व्हनार," असं घरी येऊन तिनं आम्हाला सांगितलं. मग माझ्याकडे वळली. "ओ, त्या ड्रमचा वजन किती असंल?"

"मी काय तोललाय?"

"मंग चला तोलायला."

खरंच घेऊन गेली. मी दोन्ही हातांनी ड्रम उचलला, जरा झुलवला आणि म्हणालो, "सात किलो. पट्ट्यासकट."

दुसऱ्या दिवसापासून पोटावर तांदळाची पिशवी, वरून माझं उपरणं बांधलेलं, अशी ती मजल्यावरच्या पॅसेजमध्ये 'लेफ्ट राइट' करायला लागली. पुढे काठी धरून मी. सुरुवात तीन किलोंनी झाली. दर शनिवारी ती पिशवी माझ्यापुढे ठेवायची. "आजोबा, अर्धा किलो वाढवा."

तोवर मी नुसता 'ओ' होतो. 'आजोबा' हा शब्द तांदळाबरोबर आला. मग मी मुद्दाम पाव किलोच वाढवायला लागलो, म्हणजे तिला दोनदा हाक मारावी लागेल. ती कुरकुरायची, पण मारायची.

ड्रम तिला मिळाला. पंधरा ऑगस्टला मैदानात तिनं असा काही वाजवला की सरांनीही टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपला तेव्हा गावाकडचे एक जुने ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांचा नातू त्याच शाळेत.

"आप्पा, तुम्ही इकडं कसं? त्या ड्रमवाल्या पोरीला हात करत होता, ती कोण तुमची?"

सुनीलच्या लग्नाचं गावाकडं आम्ही सांगितलं होतं. वैशालीच्या आधीच्या लग्नाचं नव्हतं सांगितलं.

"पाहुणी आहे," मी म्हणालो. "सुनेकडची."

मागे वळलो तर ड्रम पोटावर घेऊन ती उभी होती. मला सरांकडं न्यायला आली होती.

आता सारवासारव करता येईल. आमच्याकडं सोयऱ्यांनाही पाहुणेच म्हणतात. तिच्या गावी पाहुणा म्हणजे चार दिवसांनी जाणारा. पण खरं लिहायला बसलोय तर लिहितो: त्या दिवशी मलाही तोच अर्थ हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली.

"कोण?"

"मी. दर्शना."

त्यानंतर नेहमीच बेल. पिशवीतला तांदूळ डब्यात गेला. 'आजोबा' गेलं, 'अहो' आलं. पाणी प्यायली तर पेला धुऊन ठेवायची, पंखा लावू का म्हणून विचारायची. बँड सोडला नाही. दोन वर्षांत बँडची लीडर झाली. वाकडा शब्द एक नाही. आमची ही म्हणायची, "बघा, पोरगी कशी वळणाला आली!" मी पेपरात डोकं घालायचो.

आता ती उरणला एका शाळेत बँड शिकवते. गेल्या महिन्यात मी एकटाच तिच्याकडे गेलो. बरोबर तांदळाची पिशवी. दाराशी बेल होती. पिशवी खाली ठेवली आणि दार वाजवलं. मुठीनं दोन, बोटांनी तीन. थापेपाशी हात अडला.

आतून कुणीतरी दारावर थाप मारली.

दार उघडलं. "बेल हाय ना, आजोबा," ती म्हणाली. पिशवी उचलली, जरा झुलवली. "सात?"

"पावणेसात. पाव किलो पुढच्या वेळी."

नेरूळपासून एकच वाक्य घोकत आलो होतो: दर्शना, त्या दिवशी मी चुकलो. तिनं चहा दिला. मी दोन कप प्यालो, चहा चांगला झालाय म्हणालो, आणि परत आलो.