खांबामागची जागा

बेसबॉलचं मैदान कसं असावं हे ज्यांना नेमकं कळतं, ती माणसं सहसा मैदानावर जात नाहीत. ती समितीवर जातात. यात कुणाला कमी लेखायचा हेतू नाही. सगळेच मैदानावर जाऊन बसले, तर मैदानांची तुलना कोण करणार? आणि तुलना झाली नाही, तर आपण मजेत आहोत की नाही हे साध्या माणसाला कळायचं कसं?

ही अडचण ओळखून अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात 'प्रेक्षक-सौख्य मूल्यमापन मंडळ' स्थापन झालं. मंडळानं सौख्याचे शंभर गुण ठरवले. गाडी लावायच्या सोयीला वीस, खाण्यापिण्याला वीस, स्वच्छतागृहाला पंधरा, मोठ्या पडद्याला पंधरा, खुर्चीच्या हाताला पेला ठेवायची खोबण असल्यास दहा, प्राण्याचा पोशाख घालून नाचणाऱ्या इसमाला दहा, आणि प्रेक्षकांच्या आरडाओरड्याला (यंत्रानं मोजून) उरलेले दहा. खेळाला गुण नव्हते. आमच्या नगराध्यक्षांनी पत्र पाठवून विचारलं, तेव्हा मंडळानं कळवलं की खेळ सगळीकडे सारखाच असतो, त्याची तुलना काय करायची. या उत्तरात चूक काढता येत नाही. मी बरेच दिवस प्रयत्न केला.

आता लहान गावांच्या संघांची जी धाकटी लीग, तिनं असं ठरवलं होतं, की आमच्या भागात दोन संघ म्हणजे चैन झाली. तेव्हा टिल्सन फोर्क आणि नॉर्थ एल्डन या दोन गावांच्या मैदानांची तुलना करावी, आणि ज्याला कमी गुण पडतील त्या गावाचा संघ बरखास्त करावा. टिल्सन फोर्क म्हणजे आम्ही.

नॉर्थ एल्डनच्या नव्या स्टेडियमबद्दल माझ्या मनात निव्वळ आदर आहे. त्याला एका बँकेचं नाव आहे. (बँका बुडतात, तसं नाव बदलतं.) तिथं पोहण्याचा तलाव आहे, न्हावी आहे, कुत्र्यांना सांभाळायची खोली आहे, आणि कच्चा मासा भातावर ठेवून देणारं एक दुकान आहे. जिथून समुद्र दोन्ही बाजूंना सारखाच लांब आहे अशा गावानं हे धाडस करावं, याला मी मोठेपणा म्हणतो. पडदा तर एवढा मोठा, की एकदा ऐन सामन्यात तो बंद पडला तेव्हा 'खेळ थांबवा, आम्हाला काही दिसत नाही' म्हणून लोकांनी ओरडा केला. खेळ समोर चालूच होता. पण तो फारच लहान दिसत होता. एका रविवारी दोन्ही संघांच्या बस वाटेत बंद पडल्या आणि कुणी मैदानात उतरलंच नाही; त्या दिवशी प्रेक्षकांची एकही तक्रार आली नाही.

आमचं स्टेडियम लाकडी आहे. छप्पर आहे, आणि छप्पर तोलायला जाडजूड लोखंडी खांब आहेत. हे खांब बरोबर प्रेक्षक आणि मैदान यांच्या मध्ये येतात. त्याचं कारण असं, की ज्यानं आराखडा काढला त्याचा हात गुरांच्या लिलावाच्या गोठ्यांवर बसलेला होता, आणि समोर खांब आला म्हणून आजवर एकाही बैलानं हरकत घेतलेली नाही. बाकी आमच्याकडे खारे शेंगदाणे आहेत, बियर आहे, उजव्या कुंपणापलीकडून मालगाडी जाते आणि स्वच्छतागृह आहे असं म्हणतात.

पण आमच्याकडे एक रिवाज आहे. खांबामागे बसलेल्या माणसानं 'काय झालं?' विचारलं, की शेजाऱ्यानं सांगायचं. आणि सांगताना 'काही नाही' म्हणायचं नाही. ते उद्धटपणाचं समजतात. ज्यांनी बेसबॉल पाहिलाय त्यांच्या लक्षात येईल, की या रिवाजाचं ओझं केवढं आहे. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, टोपी सारखी करतो, थुंकतो, चेंडू चोळतो, पुन्हा टोपी सारखी करतो. असा अर्धा तास जातो. या अर्ध्या तासाचं काहीतरी करून खांबामागे पोचवायचं, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगी थोडी कळा लागते.

माझी जागा बाराव्या खांबाच्या बाजूला, आणि खांबाच्या बरोबर मागे लुडमिलाबाई व्होंद्राचेक. त्यांच्या पलीकडची, तीही खांबामागचीच, खुर्ची त्यांच्या नवऱ्याची, एमिलची; एमिल गेल्यापासून तिथं त्यांची छत्री बसते. बाई माझ्याहून वयानं मोठ्या, कानानं तीक्ष्ण. वर्षानुवर्षं मी त्यांना सामना सांगत आलोय. आमचा संघ, म्हणजे बीव्हर्स, तसा हरणारा. पण लुडमिलाबाईंच्या खांबामागे तो एकदाही हरलेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वेगळंच छापून येतं, तेव्हा त्या म्हणतात, "हल्लीच्या पोरांना बातमी लिहिता येत नाही."

मंडळाचे परीक्षक यायच्या आदल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "ऑर्व्ही, संघ गेला तर मी काय करायचं रे?"

"नॉर्थ एल्डनला जाऊ. मी नेईन तुम्हाला गाडीतून."

"तिथं एकही खांब नाही म्हणतात."

"नाही."

"मग मी बसू कुठं?"



परीक्षक कर्टिस उलरी हे शनिवारी दुपारी आले. निमुळत्या चेहऱ्याचे, सौख्याचा दीर्घ अभ्यास असलेले गृहस्थ. हातात आवाज मोजायचं यंत्र. सामना नेमका नॉर्थ एल्डनच्याच संघाशी. नगराध्यक्ष ड्वाइट पेल्झर (एरवी बियाणं विकतात) यांनी गर्दी दिसावी म्हणून अख्खं गाव स्टेडियममध्ये कोंबलं होतं. बेत उत्तम होता. त्यात एवढंच राहून गेलं, की परीक्षकांना बसायला जागा ठेवली नव्हती.

पेल्झर घाम पुसत पायऱ्यांवर वरखाली फिरले. प्रत्येकाला परीक्षकांबद्दल आदर होता, पण उठेना कुणी. शेवटी लुडमिलाबाईंनी छत्री उचलून मांडीवर घेतली.

"या, इथं बसा. पाय हळू ठेवा, तिथली फळी एमिलला माहीत होती, तुम्हाला नाही."

उलरी बसले. त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर हिरवा रंग दिलेलं लोखंड होतं.

"इथून काहीच दिसत नाही," ते म्हणाले, आणि लिहू लागले.

पेल्झर माझ्या कानाशी वाकले. "ऑर्व्ही, मेलो आपण."

खरंच मेलो होतो. तिसऱ्या डावातच नॉर्थ एल्डननं आम्हाला झोडपून काढलं. आमच्या खात्यात शून्य. अख्खं गाव चिडीचूप, आणि यंत्राचा काटा कुठं दूर कोकलणाऱ्या एका तान्ह्या मुलावर कसाबसा तग धरून होता. तेवढ्यात आमचा कुबेश बॅट घेऊन आला, तीन वेळा हवेत फिरवून परत गेला.

"काय झालं?" उलरींनी विचारलं. सवयीनं नाही, वैतागून.

मी शेंगदाणा सोलायला घेतला. सरकारी माणूस, त्यात परका. तेवढ्यात माझ्या बरगडीत छत्रीचं टोक बसलं.

"ऑर्व्ही," लुडमिलाबाई म्हणाल्या, "पाहुणे खांबामागे आहेत. सांग."

रिवाज तो रिवाज. मी सांगितलं. म्हटलं, कुबेशनं चेंडू असा उंच मारला, की तो उजव्या कुंपणावरून जाता जाता मालगाडीच्या मक्याच्या डब्यात पडला. आता आमच्या मैदानाचा नियम असा आहे, की चेंडू चालत्या गाडीत पडला तर गाडी थांबेपर्यंत तो खेळातच धरायचा. त्यामुळे त्यांचा क्षेत्ररक्षक गाडीवर चढलाय.

"मग?" उलरी.

"मग काय, गाडी थेट नेब्रास्का राज्यात जाते."

"आणि कुबेश?"

"पळतोय की. किती फेऱ्या झाल्या ते पंच मोजताहेत. एक पंच थकला, दुसरा आलाय."

उलरींनी पेन खाली ठेवलं. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं, आणि यंत्राचा काटा जागा झाला.

पुढच्या डावात त्यांच्या पिचरनं तीन जणांना पाठोपाठ बाद केलं. खांबामागे आमच्या पिचरनं फेकलेला चेंडू एवढा सावकाश आला, की त्यांचा फटकेबाज वाट बघून मधल्या वेळात शेंगदाणे घेऊन आला, आणि परतल्यावर बघतो तो चेंडू अजून यायचाच होता. घाई करून बॅट फिरवली, तिथं फसला. उलरींनी विचारलं, शेंगदाणे खारे की साधे. हा प्रश्न ऐकला आणि माझ्या लक्षात आलं, की माणूस गुंतला.

इतक्यात वरून कुणीतरी ओरडलं, "ए ऑर्व्ही, जरा मोठ्यानं! आम्हाला इथून सगळं दिसतंय, काही कळत नाहीये!"

मी आवाज चढवला. समोरच्या रांगेनं मैदानाकडे पाठ केली. ज्यांच्या समोर खांब नव्हते, ते दाटीवाटीनं खांबामागे येऊन बसले. शेंगदाणेवाला शेंगदाणे विकायचा थांबला. सातव्या डावाच्या मध्याला उठून उभं राहायचं असतं, गाणं म्हणायचं असतं. तेव्हा लोक उभे राहिले ते परत बसेचनात. आमच्या संघाचा मॅनेजर खेळाडूंच्या बाकावरून मान बाहेर काढून विचारू लागला, "आपण किती पुढे आहोत?"

शेवटच्या डावात तो चेंडू नेब्रास्काहून परत आणण्याचं काम होतं. क्षेत्ररक्षक चेंडू घेऊन उलट्या दिशेच्या गाडीनं निघालाय, गाडी गावात शिरतेय, कुबेश शेवटच्या वळणावर आहे. योगायोग असा, की त्याच वेळी खरीखुरी मालगाडी शिटी वाजवत कुंपणापलीकडून आली. अख्खं स्टेडियम उठून उभं राहिलं. लुडमिलाबाईंनी छत्री उघडली. उलरींनी यंत्र फळीवर टाकलं आणि ओरडले, "पळ रे भावा, पळ!"

मैदानावर अकरा-शून्यनं हरलेला आमचा संघ ही ओरड आपल्याचसाठी आहे समजून पार हेलावून गेला. टोप्या काढून त्यांनी अभिवादन केलं.

उलरींचा अहवाल आम्ही नगरपालिकेबाहेर चौकटीत लावलाय. स्वच्छतागृह: उठावंसं वाटलं नाही, पूर्ण गुण. मोठा पडदा: गरज भासली नाही, पूर्ण गुण. खोबण: पेला श्रीमती व्होंद्राचेक यांनी धरला, पूर्ण गुण. खाणं: शेंगदाणे कधी संपले कळलं नाही, पूर्ण गुण. नाचणारा प्राणी: पाहिला नाही, ऐकला, पूर्ण गुण. गाडी: लावलेली सापडत नाही, त्याची खंत नाही, पूर्ण गुण. आवाज: यंत्र फुटलं. शिवाय शेरा: 'यजमान संघाचा देदीप्यमान विजय.' लीगनं निकाल तपासला, पेपर तपासला, आणि अहवाल मंडळाचा असल्यामुळे पेपर चुकीचा ठरवला.

संघ राहिला. ही गोष्ट इथं संपली असती, पण मंडळ अभ्यासू होतं. सौख्याचं कारण खांब आहे हे त्यांनी शोधून काढलं, आणि परिपत्रक निघालं: राज्यातल्या प्रत्येक स्टेडियममध्ये, प्रत्येक खुर्चीसमोर, एक खांब. नॉर्थ एल्डननं मागे राहायचं नाकारलं. त्यांच्या खांबांना आतून गारवा सोडलाय, आणि प्रत्येक खांबावर छोटा पडदा बसवलाय. पडद्यावर खांब दिसतो.

सांगणारे मात्र त्यांना मिळेनात. मंडळानं प्रशिक्षण वर्ग काढले. पहिल्याच वर्गात शिकाऊ उमेदवारांना 'जे घडेल तेच सांगा' असं शिकवलं गेलं, तेव्हापासून नॉर्थ एल्डनचे लोक पुन्हा तलावात पोहायला जातात.

नियमाप्रमाणे आमच्याकडेही उरलेल्या जागांपुढे खांब आले. आता अख्ख्या टिल्सन फोर्कला मैदान दिसत नाही. एक माझीच जागा सोडली, 'अधिकृत दृष्टी' म्हणून. बीव्हर्स अजून खेळायला येतात का, असं पेल्झर मला अधूनमधून विचारतात. मी सांगतो, की या मोसमात ते फारच छान खेळताहेत.

परवा सामना संपल्यावर लुडमिलाबाईंना हात देऊन मी पायऱ्या उतरवत होतो. मध्येच थांबल्या.

"ऑर्व्ही, तुला एक सांगू? खांब एवढा जाड नाहीये. मान जराशी डावीकडे केली की सगळं दिसतं."

माझा पाय पायरीवरच राहिला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एमिल सांगायचा तेव्हाही दिसायचं."

"मग बघितलं का नाही कधी?"

"वेडा आहेस का? बघायला कशाला यायचं एवढ्या लांब?"

आणि वाचकहो, मालगाडीतला तो चेंडू, नेब्रास्का, फुटलेलं यंत्र हे सगळं तुम्ही इथवर माझ्या शेजारी बसून निमूट ऐकून घेतलंत, एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. रिवाज पाळलात, आभारी आहे. मान तुमचीही मोकळीच होती.