रत्नाक्कांचे दोन रुमाल

पत्ते हातात घेण्याआधी रत्नाक्का दोन्ही मनगटांना रुमाल बांधायच्या. नवऱ्याचे, चौकड्यांचे, चांगले मोठे. बांगड्या आत गुंडाळायच्या, गाठ दातांनी आवळायच्या आणि मगच म्हणायच्या, "हं. वाटा."

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, हात भाजलेत. मी लगेच उठून मलम आणलं. कुठल्या खणात काय आहे हे माझ्या कपाटाच्या दारावर लिहिलेलं असतं, त्यामुळे शोधावं लागलं नाही.

"ऱ्हावू दे ते मलम, बाई. ह्या बांगड्या चहाड्या करत्यात. चांगलं पान आलं की हात थरथरतोय, आन् ह्या लागल्या वाजाय. समोरच्याला समदं कळतंय."

"मग काढून ठेवा की."

"नवरा जित्ता हाय की माझा!"

मी मलम परत खणात ठेवून आले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. कोल्हापुरात, पेठेतल्या एका गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. रत्नाक्कांचं माहेर आजऱ्याकडचं. नवरा दत्तोबा कागलच्या एमआयडीसीत कामाला. गल्लीपलीकडे, बरोबर समोर, मंडळाचा हॉल. दर रविवारी दुपारी तिथे पुरुषांचा तीन पानीचा डाव बसायचा आणि हरेल त्याने सगळ्यांना मिसळ घालायची. बहुतेक रविवारी ती दत्तोबाच घालायचे. हॉलमधून शिव्या यायच्या, आरडाओरडा यायचा आणि सगळ्यांच्या वर एक गडगडाटी हसू यायचं. ते दत्तोबांचं. घरात हाच माणूस जेवताना 'मीठ' एवढाच शब्द बोलायचा.

रत्नाक्कांचा चेहरा म्हणजे सारवलेली भिंत. खरं सांगताहेत की थाप मारताहेत, कळायचंच नाही. एकदा म्हणाल्या, "उद्या पानी न्हाय हं, बाई." मी हंडे, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवला. सकाळी नळ धो धो. पुढच्या वेळी तेच म्हणाल्या, तेव्हा मी हसून सोडून दिलं. दोन दिवस कोरडे गेले. मी विचारलं, "अहो, नक्की काय समजायचं माणसानं?"

"पानं दाखवून कोन खेळतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही चारपाच जणी त्यांच्या सोप्यात जमायचो. लावायला चिंचोके. झब्बू खेळलो तर घरातल्या सासवा काही म्हणायच्या नाहीत, पण तीन पानीचं नाव काढलं की त्यांना देव आठवायचे. शिवाय डाव पूर्ण व्हायचाच नाही. ऐन रंगात आला की एकीचा कुकर शिट्टी द्यायचा, दुसरीचं पोर पडायचं, तिसरीच्या दारात गॅसवाला. समोरच्या हॉलमधून मात्र तीनतीन तास कुणी उठायचं नाही.

"बाईला डाव संपवाय कोन देतंय?" रत्नाक्का चिंचोके गोळा करत म्हणायच्या.

मी एकदा विचारलं, "तुम्ही शिकलात कुणाकडून?"

"ऐकून."

"पत्ते ऐकून शिकतात?"

"सैपाकघराची खिडकी हॉलाकडं हाय. कोन चाल करतंय, कोन पॅक हुतंय, समदं ऐकू येतंय."

मी ही थाप धरली.

मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, "मला तितं बसायचंय. हॉलात. रविवारी."

का, ते सांगेनात. पण काम समजलं की मला धीर येतो. मी त्यांना घेऊन मंडळाचे सेक्रेटरी पोपटराव यांच्याकडे गेले. पोपटराव एकदम अवघडले.

"वहिनी, आमच्या तोंडात शिव्या असत्यात वं."

"मग मला न्हाय व्हय येत?" म्हणून रत्नाक्कांनी दोन नमुने ऐकवले. पोपटराव बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"बायकांची सोय न्हाय तितं."

"माझं घर समोरच हाय."

"तरीबी... बरं दिसत न्हाय."

पहिल्या दोन अडचणींवर तोडगा होता. 'बरं दिसत नाही' यावर काय करायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दत्तोबांना विचारावं, तर ते चपला घालून बाहेर निघून गेले.

गणपतीत मंडळाने बायकांसाठी पाककलेची स्पर्धा ठेवली. रत्नाक्कांच्या काजूच्या आमटीला पहिला नंबर आला. स्टेजवर स्टीलचा डबा पुढे करत पोपटरावांनी माईक त्यांच्या तोंडाशी धरला. "बोला वहिनी, काय वाटतंय?"

"डबा नगं," रत्नाक्का म्हणाल्या. "रविवारी एक डाव बसू द्या."

आख्खी गल्ली खो खो हसली. टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांना वाटलं, चेष्टा. रत्नाक्कांच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. एवढ्या लोकांपुढे पोपटराव तरी काय करणार? "या की!" म्हणाले आणि अडकले. मागाहून निरोप आला, एकट्या येऊ नका, सोबत कुणीतरी आणा. सोबत म्हणून मी.

रविवारी आम्ही हॉलमध्ये पाय ठेवला आणि मला वाटलं, चुकून सत्यनारायणाला आलो. उदबत्ती लावलेली. सतरंजी झटकलेली. सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे, आणि बसलेत पाठी ताठ करून.

"वहिनी, चहा घेनार?"

"आपली चाल आहे, वहिनी."

"आपण सावकाश खेळा."

पोपटराव 'आपण' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. शिव्या सोडा, कुणी मोठ्याने खोकलं नाही. दत्तोबा स्वतःच्या गुडघ्याकडे बघत चाल करत होते.

रत्नाक्का रुमाल बांधून बसल्या होत्या. पहिला डाव त्यांनी जिंकला. दुसरा जिंकला. तिसऱ्या डावात हातात काहीच नसताना असा चेहरा करून बसल्या, की जोडी असलेले पोपटराव पानं टाकून पॅक झाले. मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. पण त्या पत्त्यांकडे बघतच नव्हत्या. चाल केली की नजर दत्तोबांकडे. परत चाल, परत दत्तोबा.

चौथ्या डावाला त्या मध्येच उठल्या. "बास. गॅसवर दूध ठेवलंय."

दूध नव्हतं. सकाळचं दूध माझ्यासमोरच तापवलेलं. मी काही न कळून मागोमाग निघाले. त्यांच्या स्वयंपाकघरात मीच चहा टाकला. त्या खिडकीखाली पाटावर बसल्या, रुमाल सोडले आणि मांडीवर ठेवले.

"अहो, जिंकलात की!" मी म्हटलं.

"व्हय."

"मग झालं काय?"

"हसलं न्हाईत."

"कोण?"

"आमचं मालक." त्या कपातल्या चहाकडे बघत होत्या. "इतक्या वर्सांत माझ्या म्होरं कदी हसलं न्हाईत, बाई. तितं हसत्यात. दर रविवारी हितनं ऐकतो मी. हसताना कसं दिसत्यात, एकदा बगावं म्हटलं."

मी सगळ्या गोष्टींवर काहीतरी तोडगा काढते. या वेळी नुसता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

तेवढ्यात समोरच्या हॉलमध्ये कुणीतरी कचकचीत शिवी हासडली. दुसऱ्याने तिला उत्तर दिलं. पत्ते आपटल्याचा आवाज आला. आणि मग सगळ्यांच्या वर ते हसू आलं, गडगडत, गल्ली ओलांडून, खिडकीतून थेट आत.

रत्नाक्कांचा चेहरा जराही हलला नाही.

"साखर कमी पडलीया," त्या म्हणाल्या.

मी डबा काढायला वळले. पाठीमागे कप बशीवर टेकला, आणि बांगड्या वाजायला लागल्या. किती तरी वेळ वाजत राहिल्या. मी डब्याचं झाकण उघडत उभी राहिले, वळले नाही.