खंडेनवमीचा गिअर

बबनअण्णांच्या उजव्या अंगठ्याचं नख हा आमच्या आळीत एक जपलेला ऐवज होता. ते वाढवलेलं, घासून गुळगुळीत केलेलं असे आणि त्याला नेलकटर लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्या नखाला इजा होऊ नये म्हणून अण्णा वाटाणे सोलत नसत, लग्नात आहेराची गाठ सोडत नसत आणि चहाची कपबशी डाव्या हाताने घेत. त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "माझ्या हिऱ्याच्या कुडीला जपलं न्हाई एवढं नखाला जपत्यात." काकूंकडे हिऱ्याची कुडी नव्हती, पण मुद्दा बरोबर होता.

मी खोडदला शाळेत शिक्षिका म्हणून आले तेव्हा त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. सामान उतरवलं त्या दिवशीच अण्णा आले, नमस्कार वगैरे न करता माझ्या कुलपाच्या किल्लीवर नख फिरवलं आणि म्हणाले, "बाई, ही अजून चालंल." माझं त्यांच्याकडून झालेलं हे स्वागत.

हे नख होतं गिअर तपासायला. अण्णांकडे एक जुनी, हिरवी, पेट्रोलची मोटार होती. पेट्रोलच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर नावाचा डबा असतो, तो प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटतो. त्याच्या खालच्या दांड्याला छोटं दातेरी चाक असतं, म्हणजेच गिअर. ते झिजलं की करंट वेळेवर पोचत नाही आणि गाडी खोकायला लागते. मला हे का माहीत आहे? कारण अण्णांच्या शेजारी राहून हे माहीत न होणं अशक्य होतं. मी भूगोल शिकवायचे. ते मला हे शिकवायचे.

"चमकतोय म्हंजी झिजला, असं न्हाई बरं का बाई. घासतंय तिथं चमकणारच. आपण दाताचं डोकं बघायचं. डोकं सपाट हाय तवर काळजी न्हाई. डोक्याला धार आली, नखाला कापाय लागलं, की संपला."

हीच कसोटी ते माणसांनाही लावत. आमचे हेडमास्तर वर्गावर्गात ओरडत फिरायचे. अण्णा त्यांना एकदाच भेटले आणि घरी येऊन म्हणाले, "धार आलीया."

येडगाव, मंचर, पार घोडेगावहून लोक रुमालात गिअर बांधून निकालाला येत. अण्णा डोळे मिटून दातावरून नख फिरवत आणि दोनच निकाल देत, 'चालंल' किंवा 'संपला'. भीड नाही, मुर्वत नाही. एकदा घोडेगावचे एक पाहुणे मेहुण्याला घेऊन आले. गाडी मेहुण्याच्या गळ्यात मारायची होती. पाहुण्यांनी अण्णांना डोळ्यांनी किती खुणा केल्या, पण अण्णांचे डोळे मिटलेले. "संपला," अण्णा म्हणाले. मेहुण्याने अण्णांचे पाय धरले. पाहुणे चहाला थांबले नाहीत.

गावाबाहेर त्या मोठाल्या दुर्बिणी आहेत, ताऱ्यांचे बारीक आवाज ऐकणाऱ्या. पेट्रोलच्या गाडीच्या ठिणगीने त्यांच्या ऐकण्यात व्यत्यय येतो, तेव्हा गाडी जरा लांबून न्या, अशी तिथल्या एका साहेबांनी अण्णांना हात जोडून विनंती केली. दुसऱ्या कुणाला राग आला असता. अण्णांनी ते महिनाभर गावभर सांगितलं. "आभाळातलं ऐकाय बसल्यात, आन् ऐकू काय येतंय? माझा करंट. गिअर ताजा असल्याबिगर व्हतं का हे?"

पण गिअर ताजा नव्हता. तसला दुसरा जुन्नरला मिळेना, पुण्यात मिळेना. अण्णांचा एकुलता एक मुलगा दिलीप गुजरातेत एका कारखान्यात होता. त्याला या मोटारीची धास्ती वाटे. "तुमी दोघं भीमाशंकरच्या घाटात अडकून पडलात तर मला कळणार बी न्हाई," म्हणायचा. शेवटी बापलेकांत करार झाला. दर खंडेनवमीला दिलीपने यायचं, त्याच्यासमोर गिअर बाहेर काढायचा आणि अण्णांनीच निकाल द्यायचा. ज्या दिवशी ते 'संपला' म्हणतील, त्या दिवशी मोटार भंगारात.

दिवाळीत दिलीपला रजा नसे, उन्हाळ्यात सासुरवाडी. खंडेनवमीला मात्र तो न चुकता यायचा. काकू कणीक मळता मळता म्हणायच्या, "लोकांची पोरं आयबापाला भेटाय येत्यात. आमचं येतंय गिअरला."

तो सोहळा बघायला सगळी आळी जमे. अंगणात पाटावर कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, माझ्या आग्रहाने शाळेचा पृथ्वीचा गोल, आणि मधोमध विड्याच्या पानावर तो गिअर. डिस्ट्रिब्यूटर परत त्याच जागी बसावा म्हणून अण्णा इंजिनावर कुंकवाची खूण करत. मग अंघोळ केलेल्या अंगाने नख फिरवत, आणि 'चालंल' म्हणाले की पोरं टाळ्या पिटत आणि काकू पेढे वाटत.

त्या वर्षी मात्र सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. पावसाळाभर मोटार खोकत होती. चढावर धक्के देत होती. नारायणगावच्या मिस्त्रीने हात टेकले होते. निकाल काय लागणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि अण्णा गिअरच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत हेही ठाऊक होतं. दिलीप गुडघ्याला मिठी मारून बसला होता.

अण्णांनी डोळे मिटले. नख एका दातावरून गेलं, दुसऱ्यावरून गेलं, आणि थांबलं. मी अगदी शेजारी होते. इतकी वर्षं जपलेल्या त्या नखाला बारीक खाच पडलेली मला स्पष्ट दिसली. अण्णांनी अंगठा मुठीत घेतला.

मग म्हणाले, "चालंल. वरीसभर तरी चालंल."

अंगणात एकच गलका झाला. मेहुण्यासमोर पाहुण्याची लाज न राखणारा हा माणूस भर अंगणात, देवासमोर, धडधडीत खोटं बोलला होता, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की डोळे पुसावे लागले.

अण्णांनी नेहमीप्रमाणे गिअर परत बसवायला दिलीपकडे दिला. तो याच अंगणात याच गिअरवर हात बसवत मोठा झालेला. त्याने सहज म्हणून दातावरून नख फिरवलं. ते अडकलं. त्याने वर बघितलं. अण्णा हाराची फुलं सारखी करत होते. नको इतकी सारखी करत होते.

"वरीसभर काय अण्णा," दिलीप म्हणाला, "दोन वर्षं आरामात जातील."

मग मोटारीला झेंडूचा हार घातला आणि गावातून मिरवणूक निघाली. अण्णा चालवायला, शेजारी दिलीप, मागे काकू आणि मी. दोन्ही बाजूंनी लोक हात हलवत होते. अण्णांचा रुबाब पाहण्यासारखा होता. चावडीपाशी मोटारीने गचका दिला, मग खोकली, मग असा बार काढला की पारावरची दोन म्हातारी उठून उभी राहिली.

"पेट्रोलात पाणी दिसतंय," दिलीप गंभीरपणे म्हणाला.

"दिसतंय खरं," अण्णा म्हणाले.

दोघंही काचेतून समोर बघत होते. काकूंनी पदर सावरला आणि पुढे वाकून म्हणाल्या, "मग पुढल्या टायमाला येताना तिकडनंच चांगलं पेट्रोल घिऊन ये."

दिलीप मागे वळला. "दिवाळीलाच आणतो," म्हणाला.

रस्ता पुढे पार मोकळा होता, तरी अण्णांनी हॉर्न दाबला, आणि मारुतीचं देऊळ येईपर्यंत सोडलाच नाही.