गोवर्धनच्या लॉरीची शिफारस

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या सुमारास अमरावतीत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पण मोटारींतले जाणकार गल्लोगल्ली झाले होते. एवढी जाणकारी वाया जाऊ नये म्हणून केशवराव वकिलांनी 'वऱ्हाड मोटर-विचार मंडळ' स्थापन केलं. मंडळ दर रविवारी सकाळी वकीलसाहेबांच्या माडीवर भरे. दांडा फिरवून सुरू करायच्या गाड्या जाऊन बटनावर सुरू होणाऱ्या आल्या, हे चांगलं की वाईट? चारी चाकांना ब्रेक कशाला? अमेरिकेतल्या कारखानदारांचं चुकतंय कुठं? असल्या प्रश्नांवर तिथं इतकं तावातावानं बोलणं होई, की खालचे टांगेवाले घोडा उभा करून ऐकत.

मंडळाचा नियम एकच, पण कडक होता. सभासदाकडे स्वतःची मोटर असता कामा नये. मोटर घेतली की माणूस त्या एकाच मोटरीची बाजू घेतो आणि निःपक्षपाती विचार संपतो. धामणगावच्या एका सभासदानं मोहात पडून गाडी घेतली, तेव्हा मंडळानं दोन मिनिटं उभं राहून दुखवटा पाळला आणि त्याचं नाव पटावरून काढून टाकलं.

अशा या विद्वान मंडळापुढं मोर्शीकडचा गोवर्धन संत्र्यांची टोपली घेऊन उभा राहिला. त्याला ना मॉडेलाशी देणंघेणं, ना अमेरिकेशी. त्याची संत्र्याची बाग होती. त्याच्या बायकोनं, शकुननं, घागरी डोक्यावर वाहून ती जगवली होती. एका उन्हाळ्यात विहीर आटली तर बाई कोसावरच्या नाल्यातून पाणी आणायची, पण तिनं एक रोप वाळू दिलं नाही. फळ असं, की सालीला नख लावलं तरी घरभर वास. पण बैलबंडीनं बडनेऱ्याच्या स्टेशनावर न्यायला दोन दिवस जात आणि खाचखळग्यांत निम्मं फळ दबून त्याचा लगदा होई. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यानं निर्वाणीचं कळवलं होतं, ताजा माल देता येत असेल तर द्या, नाहीतर रामराम.

लॉरी घेतली की सकाळी तोडलेलं फळ दुपारी रेल्वेत. लॉरीपुरता पैसा गोवर्धननं जमवलाही होता. घोडं अडलं ते कागदावर. परवान्याच्या कचेरीतले कारकून नत्थुजी म्हणाले होते, "मोटर समजनाऱ्या प्रतिष्ठित लोकाईची शिफारस आना. कोनती लॉरी घ्याची, ते त्याईनं लिहून द्यावं. मंग परवाना."

"सायेब, मले फक्त एका लॉरीचं नाव लिहून द्या," गोवर्धन हात जोडून म्हणाला. "या बहाराले लॉरी नाही झाली, तं बाग तोडून कपाशी पेरा लागते."

"नुसतं नाव?" केशवरावांनी चष्मा काढला. "अहो, हा काय पोरखेळ आहे? आधी विचार झाला पाहिजे."

विचाराची सुरुवात सूर्यभाननं केली. हा अकोल्याच्या जुन्या शहरातला. दर रविवारी रेल्वेनं नव्या क्याटलॉगांचा गठ्ठा घेऊन यायचा. "आता लॉरी घेऊन राहिले तुमी? येड लागलं का? दोन मयन्यात नवं मॉडेल येऊन राहिलं!"

"पन भाऊ, संत्रं मॉडेलासाठी झाडावर थांबत नाही."

"संत्र्याचं मॉडेल सालोसाल तेच असते ना, म्हनून तुमाले समजत नाही," खुशालराव देशमुख म्हणाले. ते गोवर्धनच्याच टोपलीतलं पाचवं संत्रं सोलत होते.

दोन महिन्यांनी नवं मॉडेल आलं. गोवर्धनही नवी टोपली घेऊन आला. पण तोवर सूर्यभानकडे त्याहून नव्या मॉडेलाची बातमी आली होती, आणि जुनं झालेलं नवं मॉडेल एका गरीब बागायतदाराच्या गळ्यात बांधायला मंडळाचं मन धजेना. तिसऱ्या खेपेला मात्र गोवर्धनच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढच्या मयन्यात या बहाराचा तोडा हाये, सायेब," एवढंच तो बोलला. मंडळ हेलावलं. त्या भरात एक मॉडेल एकमतानं ठरलंसुद्धा!

फक्त प्रत्यक्ष परीक्षा बाकी होती. न पाहिलेल्या वाहनाची शिफारस मंडळ कधीच करत नसे, आणि वाहन तर मंडळानं कधीच पाहिलेलं नसे. म्हणून क्याटलॉगातली मापं घेऊन माडीवर वकीलसाहेबांच्या सहा खुर्च्या लॉरीच्या आकारात मांडल्या. दोन पुढं, चार मागं. चाकाऐवजी स्वयंपाकघरातली परात आणली.

पण पुढं बसायला कुणी तयार होईना.

"मागं माल राहते, देशमुखसायेब," गोवर्धन म्हणाला. "मानसं समोर बसतात."

खुशालराव लालबुंद झाले. "बंडीत धुरेवर कोन बसते? गडी! मालक मागं गादीवर. आन तू सांगून राहिला, का देशमुखानं गड्याच्या जागी बसावं आन संत्र्यानं गादीवर?"

मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेतल्या कारखानदारांनी मानाची जागा मागं द्यावी आणि मालाची सोय अन्यत्र पाहावी, असा ठराव जागच्या जागी मंजूर झाला. मग सगळे प्रतिष्ठित गृहस्थ मागं बसले आणि परात हातात देऊन गोवर्धनला पुढं बसवलं.

"चलू द्या," केशवरावांनी हुकूम सोडला.

गोवर्धननं सवयीनं जिभेनं चुचकारलं आणि बैलांना हाक मारली. लॉरी निघाली. सूर्यभान क्याटलॉगातून वेग वाचून दाखवत होता. तीस मैलांवर सगळ्यांनी टोप्या घट्ट धरल्या. "नेरपिंगळाईचं वळन आलं!" कुणीतरी ओरडलं, आणि चौघे एकदम उजवीकडं झुकले. देशमुखांचं वजन थोडंथोडकं नव्हतं. त्यांच्या खुर्चीचा पाय काडकन मोडला आणि ते धप्पदिशी संत्र्यांच्या टोपलीत बसले. मनगट मुरगळलं.

केशवराव कायद्याचे पक्के. मोटरीचा अपघात झाला की चोवीस तासांत कचेरीला वर्दी दिली पाहिजे. त्यांनी ती सहीशिक्क्यानिशी दिली.

आठवड्यानं गोवर्धन कचेरीत गेला, तर नत्थुजींनी कागद पुढं सरकवला. "तुमच्या नावावर अपघात हाये. बिनपरवाना, बिननंबराची मोटर."

"अवो, मोटर कुठची? खुर्च्या होत्या!"

"मोटर नव्हती, तं मोटरचा अपघात कसा झाला? वकीलसायबाची सही खोटी हाये काय?"

"माडीवर होतो आमी, नत्थुजी! माडीवर!"

"म्हंजे रस्ता सोडून चालवली. तेही लिहितो. मोटर हजर करा, तपासनी होईन."

करतो काय बिचारा! मोडक्या खुर्चीला पाय ठोकून घेतला आणि सहाही खुर्च्या बंडीत घालून कचेरीपुढं आणून मांडल्या. तपासणीचे साहेब आले. त्यांनी खुर्च्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. धूर नाही. आवाज नाही. पेट्रोल सांडण्याचं भय नाही. ब्रेक तर असे, की उतारावर अर्धा तास उभी ठेवूनही गाडी तसूभर सरकली नाही. इतकं सुरक्षित वाहन आपल्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही, असा शेरा मारून साहेबांनी अपघात माफ केला, खुर्च्यांना नंबर दिला आणि मोर्शी ते बडनेरा माल वाहण्याचा परवानाही देऊन टाकला.

गोवर्धनला हसावं की रडावं कळेना. "बरं झालं, बाप्पा. आता माह्या लॉरीचा परवाना?"

"एका रस्त्यावर एकच परवाना भेटते," नत्थुजी म्हणाले. "तो तुमालेच भेटला. आनखी कायले पायजे?"

"पन यात संत्रे कशे नेऊ?"

"ते कचेरीचं काम नव्हे. वाहन बदलाचं असन, तं मंडळाची शिफारस आना."

तो तसाच धावत वकिलांच्या माडीवर गेला. केशवरावांनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं. "गोवर्धनजी, तुमच्या नावावर आता मोटर आहे. तुमचं बोलणं निःपक्षपाती कसं मानावं? आणि हो, खुर्च्या तेवढ्या परत पाठवा."

खुर्च्या परत देता येईनात, कारण नंबर लागलेलं वाहन कचेरीला विचारल्याशिवाय हलवायचं नव्हतं. त्या गोवर्धनच्या ओसरीवर राहिल्या. तोडा आला आणि गेला. कलकत्त्याचा व्यापारी दुसरीकडं वळला. पिकलेलं फळ झाडाखाली पडून सडलं. गुरंसुद्धा तोंड लावीनात.

"मी घागरी वायल्या त्या काहून?" शकुननं विचारलं. गोवर्धन कुऱ्हाडीला धार लावत राहिला. पहिल्या झाडावर कुऱ्हाड पडली तेव्हा ती बुंध्याला मिठी मारून गावभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं रडली. गोवर्धननं तिला हाताला धरून बाजूला केलं. उन्हाळा सरायच्या आत रान मोकळं झालं, आणि त्यात कपाशी पेरली.

ही हकिकत वऱ्हाडात अजून सांगतात. ऐकणारा पोट धरधरून हसतो, शकुनच्या रडण्यापाशी चुकचुकतोसुद्धा, आणि शेवटी जरा पुढं सरकून हमखास विचारतो, "पन मंडळानं एकमतानं ठरवलं, ते मॉडेल कोनतं होतं?"

बागेत झाडं किती होती, ते आजवर कुणी विचारलेलं नाही. तुमच्याही मनात आलं ते मॉडेलच ना?