नकाशातला ओढा

इंग्लंडात ससेक्सच्या किनाऱ्यावर आमच्या गावाला एक ओढा आहे. नाव हॅडल. रुंदी एवढीच, की गाय तो ओलांडताना रवंथ थांबवत नाही. हिवाळी वादळाने किनाऱ्यावरचे गोटे इकडचे तिकडे केले आणि ओढ्याने पंचायतीची पूर्वपरवानगी न घेता मार्ग बदलला. तो थेट डोरीन टॅपसेलबाईंच्या चहाच्या टपरीखालून वाहू लागला.

बाईंनी पंचायतीचे चिटणीस पिलबीम यांना बोलावले. ते घोटाभर पाण्यात उभे राहिले, नकाशा उघडला आणि म्हणाले, "इथे ओढा नाही."

"मग तुमच्या बुटात काय शिरतंय, राजा? सूप?"

"किरकोळ ओलावा. ओढा तिकडे आहे, पुलाखाली."

पुलाखाली वाळू होती. पण वाळूच्या गोण्या ओढ्याकाठीच टाकायच्या असा नियम असल्याने त्या तिकडे टाकण्यात आल्या. 'खोल पाणी, जपून' अशी पाटीही लागली. पाटी वाचून लोक पुलावरूनच जाऊ लागले. पूल अरुंद, त्यामुळे रांग लागली. आणि आमच्याकडे माणूस रांगेत आधी उभा राहतो, कशाची ते मागाहून विचारतो. कोरडी वाळू अशी शिस्तीत ओलांडून मंडळी पुढे गुडघाभर पाण्यातून चहाला येत आणि "आज हवा जरा दमट आहे, नाही?" एवढेच म्हणत. तक्रार करणे बरे दिसत नाही.

मग टपरीचा एक खांब गेला.

"अहो पिलबीम, माझं दुकान वाहून चाललंय!"

"वाहून जायला ओढा लागतो, मिसेस टॅपसेल. तरी सभेत विषय घेतो."

सभेने साधकबाधक चर्चा करून ओढ्याला मूळ जागी परतण्याची विनंती करणारी पाटी लावली. 'कृपया' मोठ्या अक्षरात होते. ओढ्याने पाटी नेली, आणि पाठोपाठ टपरी, किटली आणि टॅपसेलबाईही.

बाई समुद्रात पोहोचल्या मात्र, पिलबीम यांनी तत्काळ बचावनौका सोडली. समुद्र नकाशात होता.

बाई वाचल्या. टपरी फ्रान्सच्या दिशेने गेली. आता बाई पुलावरच चहा विकतात. रांग आयतीच आहे.

हसलात ना? परवा तो चहा प्यायला तुम्हीच गाडी घेऊन आला होतात. फोन म्हणाला, "डावीकडे वळा." तुम्ही वळलात. गाडीच्या खिडकीतून तुम्हाला बाहेर ओढताना टॅपसेलबाईंनी विचारलंही, "समोर एवढं पाणी दिसलं नाही, राजा?"

तुम्ही म्हणालात, "दिसलं ना. पण फोनमध्ये नव्हतं."